ठेका चौकटीत कसा आला? वर्ध्याच्या खंजिरीपासून घरच्या संगणकापर्यंत

१/
मंडळी, आजचा धागा एका चौकटीचा इतिहास सांगणारा आहे. घरच्या संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या तरुणाच्या पडद्यावर ही चौकट असते : आडव्या ओळीत सोळा घरे, उभ्या बाजूला वाद्यांची नावे. ज्या घरावर खूण करावी तेथे आघात वाजतो. अशा खुणांतून ठेका उभा राहतो खरा. पण जाणकार कान दोन आवर्तनांत सांगतो की हा माणसाने वाजवलेला नाही. असे का होते, याचे उत्तर सुमारे आठशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने मराठी आहेत.

२/
आरंभ वर्ध्यापासून करू. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. (बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होत असल्याने पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) त्याच १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज या आश्रमात सुमारे महिनाभर राहिले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम सत्तावीस होते. त्यांच्या भजनाची ओळख म्हणजे हातातील खंजिरी. आजही वर्धा, अमरावती, यवतमाळ, नागपूर या पट्ट्यात खंजिरी भजनाचा नाद ऐकू आला की प्रथम त्यांचेच स्मरण होते.

३/
खंजिरी दिसावयास अगदी साधी. लाकडी कड्याच्या एका अंगाला ताणलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. परंतु तिच्या एका आघातात दोन आवाज असतात. कातड्याचा आवाज चटकन् विरतो. चकत्यांची किणकिण किंचित मागाहून उमटते आणि थोडी रेंगाळते. शिवाय आघात नसतानाही मनगट हलले की चकत्या बोलतातच. म्हणजे दोन मात्रांमधली जागासुद्धा रिकामी नसते. ही बाब लक्षात ठेवा. पुढे चौकटीचा सारा झगडा याच जागेशी आहे.

४/
वर्ध्याचा दुसरा धागाही येथेच हाती घ्यावा लागतो. तो आहे यंत्र आणि हात यांच्या नात्याचा. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र. कोणते यंत्र माणसाच्या हाताला बळ देते आणि कोणते यंत्र त्या हाताचे काम हिरावून घेते, हा या संस्थेपुढचा रोजचा व्यावहारिक प्रश्न होता. घाणी, जाते, कागद, चरखा या प्रत्येकाला तो लावून पाहिला जाई.

५/
गांधीजी सरसकट यंत्रविरोधी होते, अशी एक सोपी समजूत आहे. ती अपुरी आहे. १९२४ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला स्पष्ट अपवाद केला होता. १९२९ साली तर अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा की यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, ते साध्या घरात चालावे आणि हाताने वा पायाने चालवता यावे. अटींत बसणारे यंत्र मिळाले नाही आणि बक्षीस तसेच राहिले. पण 'घरात चालणारे, वापरणाऱ्याच्या हातात राहणारे यंत्र' ही कसोटी मात्र मागे उरली. या धाग्याच्या शेवटी तीच आपल्या कामी येईल.

६/
आता तालाकडे वळू. ताल यंत्रात भरण्यापूर्वी तो लिहिता यावा लागतो. आपल्याकडे तो आधी बोलला गेला. धा, धिं, ना, ति, ता, कत् हे बोल म्हणजे तोंडाने लिहिलेली लिपीच. प्रत्येक बोल कोणत्या हाताने, कातड्याच्या कोणत्या भागावर, उघडा की दाबून वाजवायचा हे त्याच्या उच्चारातच सांगितलेले असते. चाटेवरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'घे' एकत्र आले की 'धा' होतो. गुरूने बोल म्हणावेत आणि शिष्याने हातात उतरवावेत, अशी ही परंपरा. तिच्यात बोलाचे वजनही आवाजातूनच पोहोचते.

७/
एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान कागदावर आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलेखनपद्धती वापरून क्रमिक पुस्तके तयार केली. ५ मे १९०१ रोजी कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एकाच वर्गात अनेकांना शिकवायचे, तर प्रत्येक मात्रेची आणि तिच्या अंशाची खूण कागदावर हवी. पलुस्करांच्या लिपीत पाव, अर्धी, एक, दोन अशा काळमानांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत.

८/
याच काळात मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दुसरी, अधिक सोपी पद्धती रूढ केली. तालाच्या मात्रा एका ओळीत मांडायच्या, विभागांमध्ये उभ्या रेघा ओढायच्या, समेखाली फुली, कालाखाली शून्य आणि इतर टाळ्यांखाली २, ३ असे आकडे. एका मात्रेत दोन वा चार बोल बसवायचे असतील तर त्यांच्याखाली कंस. तीनताल लिहून पाहा : सोळा घरे, चार-चारांचे चार विभाग. त्यानंतर संगणकावरची रिकामी चौकट पाहा. तिच्यातही सोळा घरे आणि चार-चारांचे चार विभाग आहेत.

९/
हे साम्य वंशावळीचे मात्र नव्हे. जपानी अभियंत्यांनी भातखंडे वाचलेले नव्हते. त्यांची सोळा घरे पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या मापाचे चार-चार तुकडे करून आली. पण कोणत्याही समाजाने काळ कागदावर मांडायचा ठरवला की तो त्याचे समान तुकडे करतो, आणि तुकडे केले की एकच गोष्ट हरवते : दोन रेघांमधली जागा. भातखंड्यांची लिपी 'धा' कोठे येतो हे सांगते. तो किती जोरात, किती लांबवून, रेघेच्या किती अलीकडे वा पलीकडे, हे सांगत नाही. तेथे गुरू लागतो. लिपी करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते.

१०/
या दोन प्रवाहांचा वर्ध्याशी थेट संबंध आहे. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीताचे काम पाहत आणि 'आश्रम भजनावली'चे संकलन त्यांनीच केले. १९३८ साली हरिपुरा येथे त्यांचे निधन झाले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. तिच्यासाठी झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगाबरोबर संगीतालाही स्थान होते.

११/
आता यंत्रांकडे. ठरवलेला ताल आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचे जुने आणि सविस्तर वर्णन १२०६ सालचे आहे. अल-जझरी या अभियंत्याने आपल्या ग्रंथात एका नौकेचे वर्णन केले आहे. तिच्यात कळसूत्री वादक बसलेले. आत फिरणाऱ्या दांड्यावरच्या खुंट्या तरफांना धक्का देत आणि वादकांचे हात पडत. खुंट्यांची जागा बदलली की ताल बदलतो. आजच्या भाषेत सांगायचे, तर खुंटी म्हणजे चौकटीतले भरलेले घर.

१२/
विसाव्या शतकात विजेने खुंटीची जागा घेतली. १९३१ च्या सुमारास लिऑन थेरेमिन यांनी अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी 'रिदमिकॉन' हे यंत्र घडवले. १९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीचे 'साइडमन' बाजारात आले. त्यात फिरती तबकडी विद्युत्स्पर्शांवरून जाई आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट असे ठरीव ताल वाजत. घरात ऑर्गन वाजवणाऱ्या एकट्या माणसाला साथीदार मिळावा, हा त्याचा हेतू. म्हणजे तालयंत्राचा व्यापारी जन्मच मुळी घरगुती संगीतासाठी झाला.

१३/
१९८० हे वर्ष निर्णायक ठरले. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंड कंपनीने 'टीआर-८०८' आणले. खाली ओळीने सोळा बटणे. ज्यावर बोट ठेवाल तेथे आघात. आता ताल विकत घ्यायचा नव्हता, रचायचा होता. आवाज मात्र सारे विद्युत्मंडलांतून निर्माण केलेले, खऱ्या ढोलाशी त्यांचा संबंध दूरचाच. त्यांतली वैशिष्ट्यपूर्ण खरखर काही सदोष ट्रान्झिस्टरांमुळे येई. असे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबले. तोवर सुमारे १२,००० यंत्रे तयार झाली होती.

१४/
त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचे 'एलएम-१' आले. त्याचा मार्ग वेगळा : खऱ्या ड्रमचा आवाज मुद्रित करून अंकांच्या रूपात स्मृतीत साठवायचा आणि बटण दाबताच तोच वाजवायचा. स्मृती त्या काळी इतकी महाग होती की दीर्घकाळ घुमणारी मोठी झांज त्यात ठेवणेच परवडले नाही. किंमत सुमारे पाच हजार डॉलर, आणि विकली गेली जेमतेम पाचशे यंत्रे. पण 'खरा वाटणारा ताल' या शोधाची सुरुवात येथून होते.

१५/
लिन यांच्या यंत्रात आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली वेळदुरुस्ती : वाजवणाऱ्याचा हात थोडा मागेपुढे पडला तर यंत्र तो आघात जवळच्या घरात नेऊन बसवी. दुसरी झोल देण्याची सोय : जोडीतला दुसरा आघात ठरावीक प्रमाणात उशिरा ढकलायचा. नंतर १९८८ मध्ये लिन यांनीच आकाईसाठी घडवलेल्या 'एमपीसी-६०' मध्ये हे प्रमाण ५० पासून ७५ टक्क्यांपर्यंत नेता येई. ५० म्हणजे अगदी सरळ चाल, ६६ म्हणजे तिस्र अंगाची चाल. आपल्या ढोलकीचा डौल बहुतेक वेळा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. एका हाताने घोटून सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने वाकवायचे, असा हा यंत्राचा स्वभाव तेव्हापासूनचा.

१६/
या क्रांतीचा एक विलक्षण अध्याय मुंबईत लिहिला गेला. चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे चित्रपटसंगीतातले वादक. टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रे जोडून त्यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' हा संग्रह मुद्रित केला. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांखाली एकसारखा यांत्रिक ठेका. त्या काळी तो फारसा खपला नाही. शिकागोतून १९८७ मध्ये पुढे आलेल्या 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताशी त्याचे साम्य २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाच्या लक्षात आले.

१७/
या संग्रहातून मिळणारा धडा महत्त्वाचा आहे. त्यातील ठेका तबल्याचे सोंग घेत नाही. यंत्र यंत्रासारखेच वाजते आणि म्हणून ते खोटे वाटत नाही. खोटेपणा येतो तो यंत्राला माणसाचा वेष चढवायचा आणि वेष अर्धा सोडायचा, तेव्हा. खऱ्या ढोलकीचा आवाज घेऊन तो ८०८ च्या काटेकोरपणाने वाजवला की कान खटकतो. कारण आवाज माणसाचा आणि वेळ घड्याळाची.

१८/
वेळेखालोखाल प्रश्न वजनाचा. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली ती 'मिडी' या समान भाषेमुळे. या भाषेत प्रत्येक आघाताबरोबर त्याचा जोर सांगणारा १२७ पर्यंतचा आकडा जातो. भातखंड्यांच्या लिपीत नसलेले वजन आता लिहिता येऊ लागले. पण आकड्याची सोय झाली म्हणजे वजन आले असे नव्हे. साऱ्या आघातांना १०० देऊन मोकळे होणारा रचनाकार म्हणजे सगळी अक्षरे एकाच सुरात वाचणारा पाठक.

१९/
सूक्ष्मतेचेही एक गणित आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. मिडीचे मूळ घड्याळ मात्रेचे २४ भाग करते. म्हणजे त्याचा प्रत्येक ठोका सुमारे २१ मिलिसेकंदांचा. ९६ भाग करणारे एमपीसी सुमारे ५ मिलिसेकंदांपर्यंत पोहोचले. आजच्या प्रणाली ४८० वा अधिक भाग करतात, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आसपास. माणसाच्या हाताची सहज मागेपुढे होण्याची मर्यादा साधारण १० ते २० मिलिसेकंद. म्हणजे जुन्या यंत्रांच्या चाळणीतून वादकाचा हात गळूनच जात होता.

२०/
मग आघात यदृच्छया मागेपुढे केले की काम झाले? बहुतेक प्रणालींत तशी सोय असते आणि नवशिके तिच्यावरच विसंबतात. जर्मनीतील गटिंगेनच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने वेगळेच दाखवले. माणसाच्या वादनातील चुका सुट्या नसतात. एक आघात जरा मागे पडला तर त्याचा परिणाम पुढच्या अनेक आघातांवर रेंगाळतो. लय वाहते, सावरते, पुन्हा सरकते. ऐकणाऱ्यांनाही अशी परस्परांशी नाते असलेली चढउतारच अधिक आवडली. विस्कळीतपणा म्हणजे जिवंतपणा नव्हे.

२१/
आपल्याकडे याच सुमारास वेगळ्या गरजेतून वेगळी यंत्रे आली. बंगळूरच्या राडेल कंपनीचा 'तालमाला' हा विद्युत् तबला घरोघरी रियाजाला पोहोचला. साथीला माणूस मिळत नाही अशा गावच्या विद्यार्थिनीला सकाळी सहा वाजता एकताल लावून तासभर बसता येऊ लागले. वर्ध्याच्या कसोटीवर हे यंत्र बहुतांशी उतरते : ते घरात चालते, शिकणाऱ्याच्या हाताला बळ देते. मात्र डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घिस्स, समेजवळ येताना मुखडा घेणारी ती सजग साथ, ते देऊ शकत नाही. ते गायकाचे ऐकत नाही.

२२/
मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत मात्र हिशेब कठोर होता. तेथे चित्रपटसंगीताचा ताल म्हणजे एक अख्खी फौज : मारुतीराव कीर, कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी, होमी मुल्लन, फ्रँको वाझ अशी मराठी, पारशी, गोमंतकीय नावे त्यात नांदत. एका गाण्यासाठी अनेक तालवादक एकाच वेळी, एकमेकांचा श्वास ऐकत वाजवीत. मघाशी पाहिलेली 'परस्परांशी नाते असलेली चढउतार' म्हणजे हीच. पुढे एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित होऊ लागले आणि ते नातेच सुटे झाले.

२३/
१९८९ मध्ये ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराशेजारी स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९९२ च्या 'रोजा'ने संगणकाधारित मुद्रणाची ताकद देशाला दाखवली. नव्वदच्या दशकात मुंबईतील मोठ्या वाद्यवृंदांचे काम वेगाने आटले. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या 'बिहाइंड द कर्टन' या ग्रंथात या वादकांच्या मुलाखतींतून तो काळ नोंदवून ठेवला आहे. लंडनमध्ये १९८२ सालीच संगीतकार संघटनेच्या एका शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रांवर बंदी मागणारा ठराव केला होता. बंदी आली नाही. प्रश्नही मिटला नाही.

२४/
आणि आता आजच्या चौकटीतली एक मूक गोष्ट. १९९१ मध्ये 'जनरल मिडी' हे मानक ठरले. कोणत्याही यंत्रावर कोणत्या क्रमांकाला कोणते वाद्य वाजावे याची ही जागतिक यादी. तिच्या मूळ तालविभागात ४७ आवाज आहेत. बोंगो आहे, कोंगा आहे, टिंबाले, अगोगो, कबासा, ग्विरो, क्विका आहे. तबला नाही. ढोलकी नाही. मृदंग नाही. सुरांच्या यादीत सतार आहे, पण तिच्याशेजारी बसणाऱ्या तबल्याला घर दिलेले नाही. यादी करणाऱ्यांच्या बाजारात जे होते ते आत आले. उरलेले जग बाहेर राहिले.

२५/
पुढे यंत्रे स्वस्त झाली. १९८९ मध्ये 'क्यूबेस' अटारी संगणकावर आले. १९९६ मध्ये त्याच कंपनीने 'व्हीएसटी' आणले आणि तीन वर्षांत आभासी वाद्येही त्यात बसू लागली. याच दशकाच्या अखेरीस आलेले 'फ्रूटी लूप्स' म्हणजे आजचे एफएल स्टुडिओ. त्याचा आरंभच सोळा घरांच्या चौकटीपासून झाला. आज विदर्भातील तालुक्याच्या गावी एका खोलीत भीमगीत, भजन, लग्नाचे गाणे मुद्रित होते. दीडशे रुपयांचा चरखा मिळाला नाही. घरात चालणारे ध्वनिमुद्रणगृह मात्र मिळाले.

२६/
मग या इतिहासाचा रचनाकाराला उपयोग काय? भजनी ठेक्याचे उदाहरण घ्या. आठ मात्रा, मिनिटाला १०० ची लय, मात्रा ६०० मिलिसेकंदांची. पहिला नियम अल-जझरीचा : वादक कोण आणि त्याचे हात किती, हे ठरवा. दोन हातांना अशक्य असे तीन आघात एका क्षणी ठेवू नका. दुसरा नियम गुरूच्या तोंडचा : ठेका आधी बोलून पाहा. जीभ जेथे थांबते तेथे वजन आहे. समेला ११० चा जोर असेल तर मधल्या भरीच्या बोलांना ४० ते ६० पुरे.

२७/
तिसरा नियम खंजिरीचा : कातडे आणि चकत्या वेगळ्या मुद्रित करा, चकत्या १० ते १५ मिलिसेकंद मागे ठेवा आणि रिकाम्या घरांतही त्यांना हळूच बोलू द्या. चौथा गटिंगेनचा : आघात सुटे विस्कटू नका, अख्खी चार आवर्तने बोटांनी वाजवून घ्या आणि वेळदुरुस्ती अर्धीच लावा. पाचवा : एकच नमुना लागोपाठ वाजवू नका; प्रत्येक बोलाची चार-पाच मुद्रणे ठेवा. सहावा भजनी मंडळाचा : भजन जेथे सुरू होते त्या लयीत संपत नाही. शेवटाकडे लय चढू द्या. स्थिर घड्याळ हे कोणत्याच भजनाचे घड्याळ नव्हे.

२८/
येथे एक अवघड पान वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'गावचे ताल जपा' असे म्हणणे सोपे आहे; पण डफडे वाजवणे हे विदर्भात, आणि महाराष्ट्रात सर्वत्रच, अनेकांच्या वाट्याला जातीने लादलेले काम होते. कातड्याला हात लावणारा, वरातीपुढे चालणारा, पण पंगतीत न बसवला जाणारा. १९२७ च्या महाडनंतर आणि विशेषतः १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत लोकांनी ही कामे स्वाभिमानाने सोडली. एखादा ताल गावातून नाहीसा होतो तेव्हा त्यामागे दरवेळी ऱ्हासच असतो असे नाही. कधी तो मुक्तीचा निर्णय असतो.

२९/
यंत्राला जात नाही, हे खरे. संगणकावर डफड्याचा आवाज कोणीही वाजवू शकतो आणि त्याला पंगतीतून उठवले जात नाही. पण यंत्राला नावही नाही. ध्वनिसंग्रहात 'इंडियन ड्रम ०४' असा एक तुकडा सापडतो. तो कोणाच्या हाताचा, कोणत्या गावचा, त्याला मोबदला मिळाला का, काहीच कळत नाही. पूर्वी वादकाला ओळख होती आणि मान नव्हता. आता आवाजाला मागणी आहे आणि वादकाला ओळख नाही. दोन्ही अन्याय वेगळे आहेत, पण ते एकाच माणसावर होतात.

३०/
वर्ध्याची जुनी कसोटी येथे पुन्हा हाती येते. शिवणयंत्राला अपवाद का? कारण ते शिवणाऱ्याच्या हाताशी राहते. घरच्या ठेक्याचे यंत्रही तसे राहू शकते : गावातल्या खंजिरीवाल्याला तासभर बोलावून, त्याचे बोल त्याच्या परवानगीने मुद्रित करून, मानधन देऊन, गाण्याच्या माहितीत त्याचे नाव लिहून. अशाने ठेका जिवंत होतो, त्यासाठी वेगळी क्लृप्ती लागत नाही. 'जनरल मिडी'च्या यादीत ज्याला घर मिळाले नाही, त्याला आपल्या चौकटीत घर देणे हे आता आपल्याच हातात आहे.

३१/
धागा येथे संपवतो. आपापल्या गावातील एका तालाचे बोल, वाजवणाऱ्यांची संमती असल्यास त्यांच्या नावासह, खाली नोंदवा. लिहिताना भातखंड्यांप्रमाणे समेखाली फुली करा, कालाखाली शून्य द्या. आणि दोन रेघांमध्ये जे लिहिता येत नाही, ते फोनवर मुद्रित करून जोडा.